दीड जीबी आणि सात घड्याळं

४ जुलै २०२४, गुरुवार

कालपासून रिचार्ज महागला. मेसमध्ये आज आमटीच्या पातळपणावर कुणी बोललंच नाही, सगळी चर्चा पॅकची. अठ्ठावीस दिवसांचा २३९ चा पॅक २९९ झाला. वर साठ रुपये गेले म्हणजे एका मिसळीवर पाणी. राधानगरीची म्हणाली, "मॅडम, आता तर एक एमबीपण सोडायची न्हाई."

म्हणजे काय, ते मी विचारलं. रोजचा डेटा दीड जीबी. रात्री बाराला तो संपतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. म्हणून अकराच्या सुमारास किती उरलाय ते बघायचं आणि बाराच्या आत तो 'संपवायचा'. पैसे भरलेत, ताटात कशाला टाकायचं? हे ती इतक्या सरळपणे सांगत होती की मला हसताही येईना. त्यात बाराला नवा दीड जीबी येतो. ताट पुसून होतंय तोवर वाढपी पुन्हा पंगतीत हजर.

सहा वर्षं मी कोल्हापुरातल्या या मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. 'मोबाइलचे दुष्परिणाम' या विषयावर दरवर्षी कुणाला तरी बोलावून व्याख्यान ठेवते, हार घालते, चहा देते. दीड जीबीचा हिशेब मला आज पहिल्यांदा कळला. गेल्या वर्षी आम्ही अकरानंतर वायफाय बंद केलं होतं आणि त्याचं समाधानही मानलं होतं. प्रत्यक्षात आम्ही मुलींना पॅक मारायला लावलं, एवढंच.

या वहीत मुलींची नावं लिहायची नाहीत. गाव पुरे. होस्टेलात तशीही तीच ओळख चालते.

माझा स्वतःचा कालचा स्क्रीन टाइमचा आकडा बघितला. तीन तास चाळीस मिनिटं. त्यातलं कामाचं किती, ते बघायचं टाळलं.

९ जुलै, मंगळवार

समितीची बैठक झाली. एका सरांनी सुचवलं, रात्री दहाला फोन जमा करून घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. तेव्हा आम्ही हेच केलं होतं, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या कापडी पिशव्या घेऊन. तिसऱ्या दिवशी मोजले तर सदतीस मुली आणि एकेचाळीस फोन! काच फुटलेले, बॅटरी फुगलेले, एकीनं तर आजोबांचा बटणांचा फोन दिलेला. खरे फोन उशीखाली. चारजणींनी घाईत खरा आणि खोटा दोन्ही टाकले, म्हणून तर पकडल्या गेल्या.

शिवाय जमा करून करणार काय? हजेरी फोनवर, नोट्स फोनवर, स्कॉलरशिपचा ओटीपी फोनवर, मेसचे पैसे फोनवर. उद्याचा तास रद्द झाल्याचा निरोप रात्री अकराला ग्रुपवर टाकणारी मीच. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून दारू-गर्दची व्यसनं सोडवतं. तिथं निदान बाटली दृष्टीआड करता येते. इथं आम्हीच मुलींना दिवसातून दहा वेळा गुत्त्यावर पाठवतो आणि वर सांगतो, फक्त हजेरी लाव आणि मागं फिर.

त्यामुळे 'व्यसन' हा शब्द मी जपूनच वापरते. दिवसाचे पाच तास रील बघणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते. काही असतात.

१५ जुलै, सोमवार

मेसच्या मावशींनी आज माझी अख्खी व्याख्यानमाला एका वाक्यात गुंडाळली. गडहिंग्लजची डाव्या हातानं स्क्रीन सरकवत जेवत होती. म्हणजे जेवत नव्हतीच, भात गार झाला होता. मावशी वाढता वाढता थांबल्या. "आमचं मालक मटक्याला असंच बसायचं. लागतो म्हणून न्हाई. लागंल म्हणून."

मानसशास्त्रज्ञ स्किनरनं कबुतरांवर जे प्रयोग केले त्यांचं सार एवढंच. दाणा दर टोचीला मिळाला तर कबूतर पोट भरेपर्यंत टोचतं आणि निघून जातं. दाणा कधी मिळेल, कधी नाही, असा ठेवला तर टोचतच राहतं. वीस रीलमध्ये एखादीच खरी हसवणारी असते, आणि ती कितवी हे कळत नाही. मावशींनी स्किनर वाचलेला नाही, त्यांना गरजही पडली नाही.

तासाला हेच सांगितलं. मी संख्याशास्त्र शिकवते, संभाव्यतेच्या धड्यात ते सहज बसतं. २००६ मधल्या अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरच्या करामतीचंही सांगितलं. तोवर पानाच्या तळाशी 'पुढचं पान' असं बटण असायचं. त्यानं पान न संपणारं केलं. पुढं त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला, तसं तो जाहीरपणे बोलला. पण ते बटण गेलं आणि उठायची जागा गेली. जेवणात ताक आलं की कळतं, आता उठायचं. इथं ताक येतच नाही.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग ताक आपणच करून घ्यायचं का?"

हा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. मुली गुलाबाचं एकेक फूल घेऊन आल्या. रविवार, बाहेर धो धो पाऊस, म्हणून बसल्या. कडेगावकडची सांगायला लागली की तिच्याच तालुक्यात, मोहित्यांचे वडगावला, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा होतो. तेव्हापासून साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. २०२२ च्या ऑगस्टपासून सुरू आहे. मी पेपरात वाचलं होतं, पण पेपरातलं वाचून 'छान उपक्रम' म्हणायचं आणि पान उलटायचं, इतकंच होतं आपल्याकडून.

"पाळतात?" मी विचारलं.

"सुरुवातीला घरोघरी जाऊन समजावलं म्हणे. आणि मॅडम, शेजारणीचा टीव्ही बंद असला की आपला लावायला लाज वाटते की हो. आवाज जातोय ना बाहेर."

मला त्यावरून अर्थशास्त्रज्ञ बुर्स्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास आठवला. अमेरिकेतल्या हजारावर कॉलेज विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी ५९ डॉलर. मग विचारलं, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद झालं तर? तेव्हा उलटंच झालं. सगळ्यांचं, त्यात आपलंही, बंद व्हावं म्हणून मुलं पदरचे सरासरी २८ डॉलर द्यायला तयार. म्हणजे पुष्कळांना ते नकोच आहे, पण एकट्यानं बाहेर पडायची भीती. पंगतीतून एकटं उठायला होत नाही तसं.

आम्ही निग्रहावर व्याख्यानं देतो ती एकेकट्या मुलीला उद्देशून. तू ठरव, तू मन घट्ट कर. वडगावनं कुणालाही मन घट्ट करायला सांगितलं नाही. भोंगा लावला. मावशी म्हणाल्या, "मिलचा भोंगा हुता तवा अख्ख्या पेठेचं घड्याळ एक हुतं."

दुसऱ्या मजल्यावरच्या एकोणीस मुली असेच फोन बंद ठेवायला तयार झाल्या. रात्री नऊ ते साडेदहा. दोन अटी घातल्या त्यांनी. आईचा फोन आला तर ऑफिसच्या लँडलाइनवर घेता यायला हवा. आणि मॅडमचा फोनही त्यांच्याबरोबरच.

२६ जुलै, शुक्रवार

भोंगा वगैरे सगळं बाजूला राहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय. रस्ते बंद. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलंय त्यांना आकडा ऐकूनच पोटात गोळा येतो.

प्रयाग चिखलीची मुलगी रात्रभर जागी आहे. आईवडील जनावरं घेऊन सोनतळीला गेलेत, आजी आधी हलायला तयार नव्हती. ती दर पाच मिनिटांनी फोन बघते. गावाचा ग्रुप, पातळीचा आकडा, कुणी टाकलेला पाण्याचा व्हिडिओ. तिचा आजचा स्क्रीन टाइम कुणी काढला तर या मजल्यावरची सगळ्यात मोठी व्यसनी तीच ठरेल. मी तिच्यासाठी ऑफिसातला चार्जर आणला.

आकड्यांची बाई म्हणून एवढं नोंदवून ठेवते की तास मोजणं हा सगळ्यात आळशी उपाय आहे.

१ ऑगस्ट, गुरुवार

पाणी उतरतंय. आणि आज स्वप्निल कुसाळे! पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण आणि ब्राँझ. आपल्या राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा. राधानगरीची मुलगी दुपारपासून अशी वावरतेय, जणू बंदूक तिनंच साफ करून दिली होती.

मेसचा टीव्ही बिघडलेला. एका फोनवर चौदाजणी वाकून बघत होत्या, फोन मिठाच्या बरणीला टेकवून. उभ्यानं मारायच्या गोळ्या आल्या तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. एका फोनवर चौदा डोकी आणि चौदा फोनांवर चौदा डोकी, यांत जो फरक आहे त्याला कुठल्याच ॲपमध्ये रकाना नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

आजपासून सुरू. मुलींची पहिली अडचण माझ्या डोक्यातही नव्हती. फोन रात्री खोलीबाहेर ठेवायचा तर सकाळी उठवणार कोण? गजर फोनमध्ये, म्हणून फोन उशाशी. उशाशी, म्हणून झोपताना हातात. आणि गजर बंद करायला उचलला की सकाळही त्यातच जाते.

महाद्वार रोडवरून सात घड्याळं आणली. खोल्या सात, घड्याळं सात. दुकानदारानं विचारलं, "लग्नात द्यायचीत का?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर अर्धा तास गेला असता.

फोन ठेवायला मेसमधला पिठाचा रिकामा डबा, जिन्याच्या तोंडाशी, स्टुलावर. कुलूप नाही. कुलूप लावलं की ती जप्ती होते. ज्यांना साडेदहानंतर न्यायचाय त्यांनी न्यावा, रात्रभर ठेवायचाय त्यांनी ठेवावा. टेक्सास विद्यापीठातल्या २०१७ च्या प्रयोगात फोन टेबलावर, पिशवीत आणि दुसऱ्या खोलीत, अशा तीन तऱ्हा करून बघितल्या होत्या. दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची बुद्धी जास्त चालली, फोन सगळ्यांचेच गप्प असूनही. नंतर इतरांना तो परिणाम दरवेळी तसाच सापडला नाही, म्हणून मुलींना सांगताना आवाज जरा खाली ठेवला. पण मला स्वतःला ते पटतं. जिन्यापर्यंत चाळीस पावलं आहेत. चाळीस पावलांत माणूस दोनदा विचार बदलतो.

पहाटे काय होतं ते उद्या कळेलच.

६ ऑगस्ट, मंगळवार

पहाटे ४.५० ला पहिलं वाजलं. मग ५.०५, ५.०७, ५.३०. सातही घड्याळं आपापल्या पंचांगाप्रमाणे. पहिल्या मजल्यावरून तक्रार आलीय.

८ ऑगस्ट, गुरुवार

चौथी रात्र होती. साडेनऊपर्यंत छान चाललं होतं. दोघी वेणी घालत होत्या, एका खोलीत कशावरून तरी कडाक्याचं भांडण, दोघीतिघी खरोखर अभ्यास करत. दहाच्या सुमारास वॉचमनमामा धापा टाकत वर आले. "मॅडम, केशवराव भोसले पेटलंय."

कुणाला समजेचना. मग सगळ्या डब्याकडे धावल्या, मीपण. युवा महोत्सवात त्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या तिघीजणी आमच्याकडे आहेत. १९१५ चं शाहू महाराजांचं थिएटर, उद्या केशवरावांची जयंती, आणि आज फोनच्या पडद्यावर त्याचं छप्पर जळताना. गच्चीवर गेलो, पावसाळी अंधारात काही दिसेना. खाली येऊन पुन्हा पडद्याकडे. एक व्हिडिओ संपला की दुसरा, तीच आग दुसऱ्या बाजूनं. दीड वाजला.

बातमी पंधरा मिनिटांत कळली होती. उरलेले सव्वातीन तास आम्ही काय बघत होतो? दुःखसुद्धा हे यंत्र सरकवायला लावतं. इचलकरंजीची शेवटी उठली, एकेकीच्या हातातून फोन काढून डब्यात टाकले आणि झाकण लावलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

इचलकरंजीच्याच मुलीबद्दल लिहायचं राहिलं. ती स्वतः रील करते, मामाच्या दुकानातल्या साड्यांच्या. त्यातून तिची मेस भागते. नऊ ते साडेदहा हीच तिची गिऱ्हाइकाची वेळ. सुरुवातीलाच येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही व्यसन म्हणता ते माझं दुकान आहे." मी म्हटलं, दुकानदारानं दुकानात राहावं, पण गिऱ्हाईक होऊ नये. तिला ते आवडलं नाही. बरोबरच आहे, बोलायला सोपं होतं.

पण काल तिनं जे केलं ते माझ्या सहा वर्षांच्या व्याख्यानांत झालं नाही. मुलींना गोलात बसवून ती रील कशी बांधते ते दाखवलं. पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट थांबलं पाहिजे, म्हणून पदर उलगडायच्या आधीच 'हे बघाच' असं म्हणायचं. किंमत शेवटी, म्हणजे शेवटपर्यंत बघतील. शेवट आणि सुरुवात जोडायची, म्हणजे पुन्हा फिरलेलं कळणार नाही. "तुम्ही बघत बसता तेव्हा माझ्यासारखी कुणीतरी पलीकडं असं ठरवून बसलेली असती." गडहिंग्लजची एकदम म्हणाली, "म्हणजे मी कबुतरासारखी अडकते ते तू ठरवतीस?" दोघी आज बोलत नाहीत.

ती आता सकाळीच रील तयार करून वेळ लावून ठेवते. नऊला रील आपोआप जाते, ती डब्याजवळ बसून नखं खाते.

मुलींना अजून एक काम लावलंय. वहीत रोज एक ओळ, आज कितीदा उगाच उचलला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला होता. निम्म्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटं, तीन आठवडे. त्यांचा एकटेपणा आणि खिन्नता कमी झाली. हे सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट ही की ज्यांना मर्यादा नव्हती, फक्त वापराची नोंद ठेवली जात होती, त्यांचीही काळजी आणि काहीतरी हुकेल ही धास्ती थोडी उतरली. नुसतं लक्ष गेलं तरी काही हलतं बहुतेक.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गौरी-गणपती गेले. मुली परत येतायत, करंज्यांचे डबे घेऊन. शाहूवाडीकडची गेलीच नव्हती. पाच दिवस मजल्यावर एकटी. मावशींनी सांगितलं म्हणून काल रात्री तिच्या खोलीत गेले. अंधारात पडद्याचा उजेड तोंडावर. आवाज बंद होता. म्हणजे ती ऐकतही नव्हती, नुसतं बोट चाललेलं.

बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "खाली ठेवला की घरचं बोलणं ऐकू येतंय." घरी स्थळ बघितलंय. परीक्षा झाली की साखरपुडा. तिला कुणी विचारलेलं नाही. झोप नाही, जेवण नाही, तीन आठवडे वर्गातही नव्हती आणि माझ्या हजेरीपत्रकावर ती बरोबर दिसत होती. मैत्रिणीनं लावलेली.

अशा मुलीच्या हातातून फोन काढून घेणं म्हणजे लंगडणाऱ्याची काठी काढून घेणं. आमच्या डब्यात, घड्याळांत, नऊ ते साडेदहात तिला जागाच नव्हती. मी समुपदेशक नाही, आणि मायेनं पाठीवरून हात फिरवून हे भागणारं नाही, एवढं मला कळतं. सकाळी ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तिला दिला आणि मजल्यावर जिन्याजवळही लिहून लावला. बंगळूरच्या निमहान्समध्ये २०१४ पासून खास या यंत्रांच्या अतिवापरासाठी दवाखाना आहे. तिथपर्यंत जायची वेळ तिच्यावर येणार नाही असं डॉक्टरांना वाटतं. घरच्यांशी मी बोलायचंय. त्याची धास्ती मला जास्त.

१५ सप्टेंबर, रविवार

तिच्या वडिलांना फोन केला. पहिल्यांदा ऐकून घेतलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. 'बघू' म्हणाले. 'बघू'चा अर्थ मी लावणार नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ढिलाई आलीय. दोन खोल्यांनी सोडून दिलं. एका खोलीतलं घड्याळ कपाटात कपड्यांत गुंडाळलेलं सापडलं, आत टिकटिकतंय. मी स्वतः आठवड्यात दोनदा 'महत्त्वाचा फोन येणार आहे' म्हणून सुटका करून घेतली. तो आला नाही.

मुली अपराधी चेहऱ्यानं आल्या. मॅडम, आमच्यात विलपॉवरच नाही. त्यांना मुळ्याची गोष्ट सांगितली. बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये काही विद्यार्थ्यांना ताज्या बिस्किटांसमोर बसवून मुळे खायला लावले. मग एक न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाल्यांनी लवकर हात टेकले. निष्कर्ष असा की निग्रह हा टाकीतल्या पाण्यासारखा, वापरला की संपतो. जगभर पुस्तकं निघाली. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून ही कल्पना पुन्हा तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य. तेव्हा तुमच्यात टाकी लहान आहे की मोठी, हा विचार सोडा. टाकी आहे का, तेच अजून ठरलेलं नाही.

त्यापेक्षा गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मार्ग बरा. 'फोन कमी वापरीन' असं म्हणायचं नाही. 'अमुक झालं की तमुक करीन' एवढं नेमकं लिहायचं. चिठ्ठ्या लिहायला लावल्या. काही इथं उतरवून ठेवते.

मेसमधून वर आले की आधी वाळलेले कपडे काढीन.

इंटिग्रेशन अडलं की फोन नाही, खाली जाऊन पाणी पिऊन येईन.

आंघोळीला फोन नेणार नाही. (खाली दुसऱ्या अक्षरात: बादलीत पडला होता.)

त्याचा मेसेज आला का बघावंसं वाटलं की रूममेटला विचारीन. ती नाही म्हणेल.

शाहूवाडीची रात्री डब्यात फोन ठेवून गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सहाला घेऊनही गेली. एवढंच.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी. परीक्षा तोंडावर, तरी दूध केलंच. मावशींनी केशर सांगून हळद टाकली असा मुलींचा आरोप आहे. गच्चीवर ढग होते, चंद्र अधूनमधून. फोटो हवा होता, पण फोन खाली डब्यात आणि आणायला कुणी जायचं यावर जुंपली. चिखलीची उठली, जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "दूध थंड होतंय." इचलकरंजीची हळहळली, काय रील झाली असती. गडहिंग्लजचीनं तिच्या पेल्यात स्वतःचे बदाम टाकले. बोलायला लागल्यात म्हणजे.

सात घड्याळांपैकी चार चालू आहेत. एक पडून फुटलं, एक बंद आहे. सातवं कडेगावकडचीनं दसऱ्याला घरी नेलं, आईला दिलं. आई रात्री उशाशी फोन घेऊन झोपते म्हणे, मालिकांचे तुकडे बघत. "मॅडम, आमच्याकडं भोंगा न्हाई ना, तो शेजारच्या गावात."

उद्या लक्ष्मीपुरीतून आणायचं: एक घड्याळ, डझनभर सेल.